जिन्यातलं ऊन

वहिनी,

तेरावं झालं. पाहुणे आपापल्या गावी गेले, तुझी लेक रेणूही काल नाशिकला परतली. आता घरात दादा आणि मी. दादा हॉलमध्ये पेपर तोंडासमोर धरून बसलाय, वाचत मात्र नाहीये. मी ओट्याशी उभी राहून हे लिहितेय. त्याच्याशी बोलले तर भांडण होईल, आणि गप्प बसले तर माझं डोकं फुटेल.

गेलेल्या माणसाचं चांगलं आठवावं म्हणतात. आठवेन, पण आधी मला रागावू दे. मला तुझा राग आलाय. तुझ्या नवऱ्याचा आलाय. तो माझा सख्खा भाऊ आहे म्हणून त्याला सूट नाही. आणि ह्या बिल्डिंगीतल्या त्या सगळ्या भल्या माणसांचा आलाय, जी पांढरे कपडे घालून आली आणि एकामागून एक मला म्हणाली, "फार शांत होत्या हो मॅडम. कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत."

शांत म्हणे!

मी अकरावीत होते तेव्हा तू गंगापूरहून लग्न होऊन आमच्या घरात आलीस. आईनं डासांच्या भीतीनं मागच्या खोलीची खिडकी कायमची बंद करून ठेवलेली. तू आल्यावर आठवडाभरातच तिची कडी ठोकून ठोकून उघडलीस. आई ओरडली, "अगं, डास येतील!" तू म्हणालीस, "येऊ द्या आत्याबाई. उजेड बी येईल की." सासूला असं बोलणारी सून आमच्या घरानं पहिल्यांदाच पाहिली. मी दाराआडून ऐकत होते. त्या दिवसापासून मी तुझी झाले.

आणि ते पाहुणे आठवतात? मला बघायला आलेले? मी स्वयंपाकघरात रडत बसले होते. लग्न नको, एवढंच सांगून सांगून माझा घसा बसला होता आणि कुणी ऐकत नव्हतं. तू पोह्यांचा ट्रे उचललास, बाहेर गेलीस, सगळ्यांच्या हातात बशा दिल्यास आणि उभ्याउभ्या म्हणालीस, "पोरीला लग्न नाय करायचं. पोहे खा, चहा घ्या, अन् राग मानू नका. तुमच्या पोरात काही खोट नाय." आमचे वडील खाली मान घालून बसले. दादा तुझ्याशी कितीतरी दिवस बोलला नाही. तू रोज त्याचं ताट वाढत राहिलीस आणि रोज म्हणत राहिलीस, "मी चुकीचं बोलले नाय." औरंगपुऱ्यातलं माझं वह्यापुस्तकांचं दुकान, वरची माझी खोली, माझी किल्ली, माझं कुलूप, हे सगळं त्या पोह्यांच्या ट्रेमागून आलं.

म्हणून मला कळत नाही. दुसऱ्याच्या पोरीसाठी भर बैठकीत उभी राहणारी बाई स्वतःच्या चार कुंड्यांसाठी का उभी राहिली नाही?

झाडांचं वेड तुझं, माझं कधीच नव्हतं. तुझं बघून एकदा मीही एक क्रोटन आणला, एक मनीप्लांट आणला. क्रोटनचे लाल-पिवळे रंग महिन्याभरात विटून हिरवट झाले, मग पानं गळायला लागली. मनीप्लांटची दोन पानांमधली दांडी लांबच लांब होत गेली. मी घाबरून पाणी घालत सुटले. तू दुकानात वह्या घ्यायला आलीस, वर चढलीस आणि कुंडीतला चिखल बघून कपाळावर हात मारलास.

"पाणी पाणी काय करतीस? उपाशी माणसाला पाणी पाजून पोट भरतंय व्हय? ह्याला उजेड पाह्यजे. उजेड हे त्याचं जेवण."

मग दुकानातला एक कोरा कागद मागवलास. कुंडीच्या जागी टेबलावर ठेवलास आणि त्याच्यावर वीतभर उंच हात धरलास. भरदुपारची वेळ होती.

"सावलीत बोटं मोजता येतात का बघ."

"नाही. नुसता धुरकट डाग दिसतोय."

"मग इथं क्रोटन जगायचा नाय. बोटं कापून काढल्यासारखी दिसली तर कडक उजेड. कडा पुसट दिसल्या तर मध्यम, ते बहुतेकांना मानवतं. अन् सावलीच दिसली नाय तर तिथं झाड ठेवायचं नाय, फोटो ठेवायचा."

तेव्हा आपण केवढ्या हसलो होतो. नंतर तू माझी खोली डोळे बारीक करून बघितलीस आणि एकदम म्हणालीस, "शोभे, खिडकीत कपाट कुणी ठेवतं का गं?" अर्धी खिडकी कपाटानं अडवलेली होती. मला इतकी वर्षं ते दिसलंच नव्हतं. पदर खोचून तू एका बाजूनं लागलीस, मी दुसऱ्या. कपाट सरकलं, मागून धुळीचे गठ्ठे, माझा हरवलेला कंगवा आणि एक वाळलेली पाल निघाली. खोलीत उजेड आला. क्रोटन तू घरी घेऊन गेलीस आणि मला स्नेक प्लांट आणून दिलास. "हा कमी जेवणारा आहे. तुझ्यासारखा." तो अजून आहे.

तू भूगोल शिकवायचीस. सूर्य कुठून कुठं सरकतो ते तुला फळ्यावर काढावं लागायचं नाही, तुझ्या घरात ते जमिनीवर दिसायचं. थंडीत दक्षिणेकडून ऊन घरात किती आत येतं आणि मे-जूनला तेच कसं बाहेरच्या बाहेर राहतं, हे तू कुंड्या सरकवून दाखवायचीस. मुलींची सहल वेरूळला घेऊन निघालीस तेव्हा मलाही बसमध्ये कोंबलंस. सगळ्या मुली मूर्ती बघत होत्या आणि तू एका लेण्याच्या तोंडाशी खाली बसून त्यांना गवत दाखवत होतीस. "बघा, हितपर्यंत गवत. हितपर्यंत नुसतं शेवाळ. अन् त्याच्या मागं काहीच नाय. कुणी रेघ मारून दिली का त्यांना? उजेडानं मारली." एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मूर्ती बघू ना." तू म्हणालीस, "मूर्ती कुठं पळून चालल्यात? ऊन चाललंय." मी तेव्हा वैतागले होते, खरं सांगते. भूक लागली होती. पण आता कुठल्याही दगडी भिंतीच्या बुडाशी हिरवं दिसलं की मी आधी ते कुठवर गेलंय ते बघते.

निवृत्तीनंतर तुम्ही ह्या फ्लॅटमध्ये आलात. दादाला लिफ्ट हवी होती, पार्किंग हवं होतं, पाणी चोवीस तास हवं होतं. उजेड कुठून येतो हे त्यानं बघितलं नाही आणि तूही त्याच्याशी वाद घातला नाहीस. वहिनी, मला वाटतं तुझं गप्प बसणं तिथून सुरू झालं. हॉलच्या खिडक्या उत्तरेला. स्वयंपाकघराची गॅलरी थेट पश्चिमेला, आणि आपल्या गावातलं एप्रिल-मेचं पश्चिमेचं ऊन म्हणजे तवा. गॅलरीत ठेवलेली तुझी पीस लिली एका दुपारीत होरपळली. पानांवर भाकरी करपल्यासारखे डाग. कोरफड आणि जेड तेवढे तिथं टिकले, तेही जुन्या पातळाचा पडदा बांधल्यावर.

पण तू उजेडापर्यंत पोहोचलीसच. तुमच्या मजल्याच्या खाली, जिना वळतो तिथं पूर्वेची मोठी खिडकी आहे. सकाळचं कोवळं ऊन तिथं कट्ट्यावर उतरतं आणि कडक व्हायच्या आत निघून जातं, पुढं दिवसभर नुसता स्वच्छ उजेड. तू कागद घेऊन गेलीस, हात धरलास आणि मला फोन केलास. "शोभे, जागा गावली!" गंगापूरला विहिरीला पाणी लागल्यावर करतात तसा आवाज.

तो कट्टा तू काय केलास! क्रोटन पुन्हा पेटले. रबर प्लांटची पानं तू ओल्या फडक्यानं पुसायचीस, "धूळ म्हणजे झाडाच्या तोंडावर पडदा" म्हणत. दर आठवड्याला सगळ्या कुंड्या थोड्या थोड्या फिरवायचीस, एका अंगानं झुकू नयेत म्हणून. जिन्याची वाट सोडून, कट्ट्यावर आणि कोपऱ्यात, कुणाच्या पायात न येतील अशा. लिफ्ट सोडून जिन्यानं जाणारी माणसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. खालच्या मजल्यावरच्या नसरीनभाभी रोज सकाळी तिथं उभ्या राहून तुझ्याशी बोलायच्या.

मग नवे चेअरमन आले.

त्यांचं म्हणणं, जिना ही सामाईक जागा. आग लागली तर वाट अडेल. डास होतात. उद्या दुसरं कुणी फ्रीज आणून ठेवेल. मला नियम कळतात, वहिनी, मीही दुकान चालवते. पण त्याच जिन्यात प्रत्येक दारापुढं चपलांचे रॅक आहेत. चेअरमनच्या नातवाची सायकल कठड्याला साखळीनं बांधलेली आहे. आग लागल्यावर सायकल बाजूला होते का आपोआप?

मीटिंग झाली. ती कशी झाली हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी आले तेव्हा तू कुंड्या एक एक करून घरात आणत होतीस आणि दादा खुर्चीत बसून हिशोब लिहीत होता, कारण तो सोसायटीचा खजिनदार.

मी विचारलं, "कुणी कुणी हात वर केला?"

दादा म्हणाला, "सगळ्यांनी."

"तू?"

"मी कमिटीत आहे शोभा. मी एकटा हात खाली कसा ठेवणार?"

"आणि वहिनी कुठं होती?"

"शेजारीच बसली होती."

शेजारीच! तुझ्या खांद्याला खांदा लावून बसला होता आणि त्यानं हात वर केला. मी त्याला काय काय बोलले ते तू ऐकलंस. मी तुला म्हणाले, "तू का नाही बोललीस? उठून एक वाक्य बोलायचं होतंस." तू रबर प्लांट भिंतीला टेकवलास, हात झटकलेस आणि म्हणालीस, "जाऊ दे गं. ह्यांना लोकांत राहायचंय. झाडांचं मी बघते."

जाऊ दे. त्यावरून आपण किती वेळा भांडलो. मी म्हणायचे, जाऊ दे म्हटलं की लोक घेऊन जातात. तू म्हणायचीस, प्रत्येक गोष्टीला भांडलं तर जगायचं कधी. मी म्हणायचे, माझ्यासाठी भांडलीस ना? तू म्हणायचीस, "ते येगळं." कसं वेगळं, ते कधी सांगितलं नाहीस. आपलं हे भांडण अर्धवट राहिलंय. मला त्याचा शेवट हवा होता, आणि तू माझ्याशी भांडायलाही उरली नाहीस.

घरातल्या उत्तरेच्या खिडकीत सगळ्यांची सोय होईना. क्रोटन परत विटायला लागले. तू गच्चीवर गेलीस. तिथं दिवसभर डोक्यावर ऊन, सावलीला काही नाही. तू पाण्याच्या टाकीला आणि पाइपाला जुनी पातळं बांधून मांडव केलास. दोन दिवसांत चेअरमनचा निरोप, गच्चीवर काही बांधायचं नाही, बाहेरून बरं दिसत नाही. तू पातळं सोडलीस. मग सकाळी कुंड्या वर न्यायच्या, कोवळं ऊन खाऊ घालायचं आणि ऊन चढायच्या आत खाली आणायच्या. गच्चीपर्यंत लिफ्ट जात नाही. शेवटचा जिना कुंडी कडेवर घेऊन चढायचा आणि उतरायचा. तुझे गुडघे असे. तुझं वय असं. दादा म्हणायचा, "सोड आता ते." मी म्हणायचे, "मला दे, माझ्याकडं ठेवते." तू म्हणायचीस, "तुझ्याकडं उजेड कुठाय?"

मे महिन्यात, रबर प्लांट घेऊन उतरताना तुझी चप्पल घसरली. नसरीनभाभींनी आवाज ऐकला आणि त्या धावत वर आल्या. त्यांनीच दादाला हाक मारली, त्यांनीच रिक्षा नको म्हणून ॲम्ब्युलन्स बोलावली. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टरांनी तुला धरून दोन पावलंही चालवलं. आम्ही वॉकर कुठला घ्यायचा ते बघत होतो. आणि एका सकाळी तुला एकाएकी धाप लागली. पायातली गुठळी फुप्फुसात गेली, असं नंतर सांगितलं. मी दुकान उघडून अगरबत्ती लावत होते. दादाचा फोन आला तेव्हा तू होतीस, आणि मी रिक्षातून उतरले तेव्हा नव्हतीस.

लोक म्हणतात, नशीब. मी नशीब बिशीब मानत नाही. जिन्यातल्या कुंड्या जिन्यात राहिल्या असत्या तर तू आज कणीक मळत असतीस.

आता ऐक, तू गेल्यावर काय झालं ते.

परवा पार्किंगमध्ये सोसायटीनं शोकसभा ठेवली. खुर्च्या मांडल्या, माइक आणला. चेअरमन बोलले. जाधव मॅडम म्हणजे निसर्गाची लेक. मॅडम म्हणजे हिरवाईचा ध्यास. मग म्हणाले, "मॅडमच्या स्मरणार्थ आपण लिफ्टजवळ एक हिरवा कोपरा करत आहोत. त्यांचीच झाडं, त्यांच्याच नावाची पाटी." लोकांनी माना डोलावल्या. मी वळून बघितलं. तुझे क्रोटन, तुझी पीस लिली, तो दांडी मोडलेला रबर प्लांट, सगळं आधीच तिथं नेऊन ठेवलेलं होतं. सकाळी वॉचमन घ्यायला आला आणि दादानं देऊन टाकलं. लिफ्टचं दार आणि विजेच्या मीटरांचा खण, ह्यांच्या मधली ती जागा. दिवसासुद्धा ट्यूबलाइट लावावी लागते तिथं. मी उठले.

"तिथं झाडं मरतील," मी म्हणाले.

चेअरमन हसले. "ताई, वॉचमन रोज पाणी घालेल."

"पाण्याचा प्रश्न नाही. तिथं उजेड नाही. तिच्यासाठी काही करायचं असेल तर झाडं जिन्यातल्या खिडकीत परत ठेवा."

"भावना समजतात ताई. पण नियम म्हणजे नियम. जिन्यात वस्तू ठेवता येत नाहीत."

"मग लिफ्टपाशी कशा येतात?"

"तो सोसायटीचा उपक्रम आहे."

वहिनी, मला हसू आलं. खरंच आलं, आणि त्या हसण्यातूनच राग वर चढला. मी म्हणाले, "ती जिवंत असताना तिची कुंडी अडचण होती, मेल्यावर उपक्रम झाला? तुम्ही तिला खिडकीतून हाकललं, गच्चीवरून हाकललं. ती ह्या झाडांना ऊन दाखवायला जिना चढत होती आणि त्या जिन्यावरून पडली. तुम्ही सगळ्यांनी हात वर केले होते. आज टाळ्या वाजवू नका."

टाळ्या कुणी वाजवल्या नव्हत्या, पण मी म्हणाले. मागून कुणीतरी पुटपुटलं, "अहो, अशा वेळेला..." दादा खालच्या मानेनं म्हणाला, "शोभा, बस." मी बसले नाही. कुंडी उचलली आणि लिफ्टमध्ये गेले. मग दुसरी. लोक खुर्च्यांवर बसून बघत होते. चेअरमन माइक हातात धरून उभे होते आणि माइक चालू होता. त्यांचा श्वास ऐकू येत होता सगळ्यांना.

तिसऱ्या फेरीला नसरीनभाभी उठल्या. त्यांनी पीस लिली कडेवर घेतली. लिफ्टचं दार लागल्यावर त्या रडायला लागल्या.

"दीदी, उस दिन मैंने भी हाथ उठाया था. सब उठा रहे थे. मॅडम कुछ बोलीच नहीं ना, तो मेरे को लगा उनको चलता."

मी हातातली कुंडी खाली ठेवली. त्यांनीच डोळे पुसले. "मेरी गॅलरी में सबेरे की धूप आती. झाडां वहाँ रखते क्या? मेरा घर है, मेरे को कौन बोलता, देखती मैं."

क्रोटन आणि रबर प्लांट आता त्यांच्याकडं आहेत. मी जाऊन कागद धरून बघितला. बोटांच्या कडा पुसट दिसतात, तुला पसंत पडली असती जागा. पीस लिली इथंच ठेवलीय, तुझ्या हॉलमध्ये, खिडकीपासून थोडी आत.

त्या रात्री दादा जेवला नाही. मी ताट झाकून ठेवलं. काल दुपारी तो एकदम म्हणाला, "मला वाटलं तिला चालेल. ती काही बोलली नाही."

तेच वाक्य. नसरीनभाभींचं आणि ह्याचं, अगदी तेच. तेव्हा, वहिनी, तू गेल्यावर मी पहिल्यांदा तुझ्यावर चिडले. त्यांच्यावर चिडणं सोपं होतं. त्यांना कुणाला कळलंच नाही म्हणतात, आणि मी त्यांना खोटं कसं पाडू? क्रोटनचा रंग उतरला की तू सगळ्यांना सांगायचीस. स्वतःच्या मनातलं एका माणसाला सांगितलं नाहीस. तुझ्या नवऱ्याला, ज्याच्याशी एवढा संसार केलास, त्याला मनकवडा समजलीस का तू? तो पाटबंधारे खात्यातला माणूस. त्याला लेखी दिल्याशिवाय काही कळत नाही.

मी दादाला म्हणाले, "तू विचारलं असतंस तर बोलली असती."

तो म्हणाला, "तुला तरी बोलली का?"

मी पीस लिलीचं एक वाळकं पान खुडलं. तो तिच्याकडं बघत बसला. मग म्हणाला, "हिला पाणी किती घालायचं?"

"पाण्याचं मग," मी खेकसले. "आधी तो पडदा सरकव."

तो उठला आणि पडदा सरकवला. सगळा नाही, अर्धा. मग माझ्याकडं वळून बघितलं, एवढा पुरे का, असं. मी मान हलवली. त्याच्यावरचा माझा राग त्यामुळं कमी झाला असं समजू नकोस. पण जेवण वाढलं, आणि तो जेवला.

एक गोष्ट मात्र मी दादाला सांगितलेली नाही. त्यानं "तुला तरी बोलली का" विचारलं तेव्हा ती माझ्या ओठांवर आली होती. मी गिळली, कारण ती फक्त माझी आहे.

तू गेलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी दवाखान्यात आपण दोघीच होतो. दादा औषधं आणायला खाली गेला होता. मी तुझे केस विंचरत होते आणि नेहमीसारखी बडबडत होते, घरी आल्यावर मी त्या चेअरमनचं काय करते बघ, मी त्याला असं बोलेन, मी त्याला तसं सुनावेन. तू माझा हात धरलास. फणी केसातच राहिली.

"तू नको बोलू," तू म्हणालीस. "पुढच्या मीटिंगला मीच बोलते."

मला खरं वाटेना. "खरंच बोलशील?"

"व्हय. ह्यांच्या शेजारी बसून बोलते. सगळ्यांसमोर. तू नुसती मागं उभी राहा. अन् मधी तोंड घालायचं नाय, आधीच सांगून ठेवते."

"नाही घालणार," मी म्हणाले. मला केवढा आनंद झाला होता. मी म्हणाले, "काय बोलणार आहेस? मला सांग ना. एक वाक्य तरी सांग."

तू हसलीस. पोह्यांचे पाहुणे आले होते त्या दिवसानंतर मी तुला तशी हसताना पाहिली नव्हती.

"आत्ता नाय," तू म्हणालीस. "तिथंच ऐक."